बावीसचा आकडा

एकसष्ट वर्षांच्या माणसाने लहान पोरासारखा हट्ट धरावा, आणि तोही एका काचेसाठी, हे मला या वयात बघायचं होतं. बारक्या म्हणजे माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तो सहा वर्षांचा होता, त्याच्या बुटाच्या नाड्या मी बांधून द्यायचे. थोरल्या भावाने ठेवलेलं नाव चिकटलं ते चिकटलंच. आता डोक्यावर औषधालाही केस सापडत नाही, तरी गल्लीभर तो बारक्याच. तर हा बारक्या पंधरा दिवस माझ्याशी धड बोलला नाही. मी म्हणायचे, लाल काच लाव. तो म्हणायचा, काळीच लावणार. मी म्हणायचे, का? तो म्हणायचा, काळीच लावणार. आधीच माझे गुडघे धरलेले, त्यात सकाळ-संध्याकाळ ही कटकट. दमले मी.

काचेचं आधी सांगते, नाहीतर भांडण कळायचं नाही.

आमचं फोटोचं दुकान. पुढे थोरला मुलगा आणि सून बसतात. ओळखपत्राचे फोटो, मोबाइलमधले फोटो कागदावर काढून देणं, असलं पटापट उरकायचं काम. मागे बिनखिडकीची खोली आहे, ती माझी. शाळा मी चौथीपर्यंत केली, तीही अर्धी. पण त्या खोलीत पन्नास वर्षं फिल्म धुतली, आणि मिनिटा-सेकंदात मला चूक दाखवणारा अजून जन्माला यायचाय. आमचे हे जाऊन अकरा वर्षं झाली. त्यांनी घरात एक विद्या आणून ठेवली होती, इन्फ्रारेडची. आपल्या डोळ्याला न दिसणारा उजेड ती फिल्म पकडते. हिरवं पान पांढरंफटक येतं, निळं आभाळ काळं येतं, तळ्याचं पाणी शाई सांडल्यासारखं. पण त्यासाठी लेन्सच्या तोंडावर काच लावावी लागते, म्हणजे आपल्या रोजच्या उजेडाला बाहेर ठेवता येतं. लाल काच थोडा उजेड आत सोडते. तिच्यातून आपल्याला सगळं दिसतं, फक्त लाल. काळी काच काहीच सोडत नाही. पातेल्याच्या बुडातून बघावं तसं. म्हणून काळी लावायची असेल तर आधी बिनकाचेचं बघून घ्यायचं, फोकस करायचा, मग काच चढवायची. पानं तिच्याने जास्त पांढरी येतात हे खरं, पण वेळ फार लागतो. ह्यांचा हिशोब मला पाठ आहे: स्वच्छ ऊन, लेन्स आठच्या आकड्यावर उघडलेली, काळ्या काचेला अर्धा सेकंद, लाल काचेला सेकंदाचा तिसावा भाग. उजेड मोजायच्या मीटरचा इथे उपयोग नाही. मीटर बिचारं आपल्यासारखंच, दिसतं तेवढंच मोजतं.

शहरातली जुनी बाग यंदा शंभर वर्षांची झाली. बागेचे साहेब दुकानात आले. त्यांच्या कचेरीत आमच्या ह्यांनी काढलेले दोन इन्फ्रारेड फोटो अजून टांगलेले आहेत. तसे आठ मोठे फोटो त्यांना बागेच्या सभागृहासाठी हवे होते. ती फिल्म आता कुणी बनवत नाही. माझ्याकडे फ्रीजच्या खालच्या कप्प्यात दोन रोल उरले होते, एकेकावर बारा फोटो. मी म्हटलं, होईल.

साहेब गेल्यावर थोरला बारक्याला म्हणाला, "काका, हे काम नीट झालं तर आतली खोली चालू ठेवू. बिघडलं तर मात्र बास. मला तिथे छपाईचं मशीन बसवायचंय. तुम्ही पण किती दिवस ते ओझं घेऊन हिंडणार?"

बारक्या हसला. मी त्याचं हसणं ओळखते, पंचावन्न वर्षं बघतेय. लग्न केलं नाही त्याने, बायको नाही, पोर नाही, पत्त्यांचा नाद नाही, देवाचा नाही. सकाळी उठून कॅमेरा पुसायचा आणि कुठेतरी जाऊन काहीतरी टिपून आणायचं, एवढ्यावर तो माणूस उभा आहे. खोली गेली की कॅमेरा गेला, आणि कॅमेरा गेला की सकाळी त्याने उठायचं कशाला? थोरल्याला हे कळत नाही. तो वाईट नाही, घाईत असतो.

पहिला रोल अंधारात मीच कॅमेऱ्यात भरून दिला. त्या फिल्मला भरतानाही उजेड चालत नाही. देताना बजावलं, "वारा सुटलाय. लाल काच ने."

"लालने पानं करडी येतात."

"येऊ देत. उरलेलं पांढरं मी कागदावर काढीन. काळ्या-पांढऱ्यातला फरक वाढवणारा कडक कागद ठेवलाय त्यासाठीच."

"वहिनी, तुला आतलं कळतं. बाहेरचं मला कळतं."

"हो का? बाहेर जाताना शर्टाची बटणं एक घर चुकलीयत, तेवढं बघ."

त्याने बटणं चाचपली, खालपासून वरपर्यंत, आणि पुन्हा चुकीचीच लावली. मी हसले. तेव्हा मला हसू आलं, हे आता सांगायला लाज वाटते.

संध्याकाळी रोल धुतला. हायपोतून, म्हणजे फिल्म पक्की करायच्या पाण्यातून, काढून दिव्यासमोर धरला आणि माझं तोंड कडू झालं. झाडांची खोडं अशी की साल मोजून घ्यावी, आणि वर पानांच्या जागी साबणाचा फेस. वाऱ्याने पानं हलत होती, आणि शटर उघडं होतं चांगलं चार-चार सेकंद. बारापैकी बारा तसेच. नवव्या फोटोत तर भर मधोमध एक शिडी उभी. माळ्याने झाडाला टेकवून ठेवलेली लाकडी शिडी, सात पायऱ्यांची, तळ्याच्या बरोब्बर पुढ्यात.

"ही काय?" मी विचारलं.

"कुठे?"

"नवव्यात. शिडी."

"मुद्दाम घेतली. बागेचं काम चालतं ते दिसायला नको?"

"साहेबांना सभागृहात शिडी टांगायचीय?"

"वहिनी, तू ना," म्हणाला आणि बाहेर गेला. जाताना दाराच्या चौकटीला खांदा आपटला. मला वाटलं, रागाने.

थोरल्याने निगेटिव्ह बघितले. दुसऱ्या दिवशी टेप घेऊन आतली खोली मोजताना दिसला. भिंतीपासून भिंतीपर्यंत. सून म्हणाली, "अहो, आईंसमोर तरी नका." तो म्हणाला, "नुसतं मोजतोय." मी ट्रे धूत होते, मागे वळून बघितलं नाही.

दोन दिवस त्या निगेटिव्हांनी माझी झोप खाल्ली. शिडीचं राहू दे. चार सेकंद कशाला? आमच्या ह्यांचा अर्धा सेकंद होता. मग मी कॅमेरा हातात घेतला आणि लेन्स बघितली. आकडा बावीसवर. बावीस म्हणजे लेन्सचं भोक टाचणीएवढं. भोक जेवढं बारीक तेवढं जवळचं-लांबचं सगळं एकदम स्पष्ट येतं, फोकस थोडा इकडेतिकडे झाला तरी खपून जातो. पण उजेड कमी येतो, म्हणून वेळ आठपट. अर्ध्याचे चार सेकंद. बावीस लावतो तो एकतर फार काटेकोर माणूस, नाहीतर ज्याला आपल्या फोकसचा भरवसा नाही तो. बारक्या आयुष्यात काटेकोर नव्हता.

लेन्सच्या कड्यावर बोट फिरवलं तर खडबडीत लागलं. डिंकाचे ठिपके. तीन मीटरला एक, पाचला दोन, दहाला तीन. इन्फ्रारेडचा फोकस साध्या फोकसपेक्षा जरा सरकवावा लागतो, त्या खुणेवर ह्यांनी कानशीने एक खाच पाडून ठेवली होती, ती जुनीच. पण हे ठिपके नवे होते. ते मी कपड्याने पुसायला घेतले आणि मधेच थांबले.

दुसऱ्या रोलच्या दिवशी मी म्हटलं, "मी पण येते."

"तू? बागेत? गुडघ्यांचं काय?"

"गुडघे घेऊनच येते."

बागेत आज माणसं कमी होती. वारा मात्र होताच, सारखा नाही, लाटा येतात तसा. बारक्याने तळ्याजवळ स्टँड उभा केला. मग खिशातून मोजायचा टेप काढला, त्याचं टोक मला धरायला दिलं आणि स्वतः झाडापर्यंत चालत गेला. टेपला गाठीगाठीने दोरे बांधलेले. अंगठ्याने गाठी मोजत परत आला. मी बघत होते. एवढ्या वर्षांत त्याने एकदाही टेपने फोकस केला नव्हता. वर बघायचा, काचेत बघायचा, झालं.

आता मी केलं ते चांगलं केलं असं मी म्हणत नाही. कॅमेरा पिशवीतून मी काढला आणि स्टँडवर मीच बसवून दिला. लेन्सची टोपी काढलीच नाही.

आमचा कॅमेरा वरून बघायचा. झाकण उघडलं की खाली एक दुधी काच असते, समोरचं चित्र तिच्यावर पडतं. बारक्या वाकला, झाकणाच्या कडेला कपाळ टेकवलं.

"हं," म्हणाला. "छान. तळं खाली, झाड उजवीकडे. थोडं वर घेऊ." त्याने कॅमेरा वर केला. "हं. आता आभाळ पण आलं."

आभाळ म्हणे.

"झाडाजवळ कुणी उभं आहे का?" मी विचारलं.

"कुणी नाही."

"नीट बघ."

"बघितलं ना, वहिनी! दे ती काळी काच."

"बारक्या," मी म्हटलं, "टोपी लावलेली आहे."

तो तसाच वाकलेला राहिला. मग हात पुढे गेला, लेन्सवर, टोपीवर. बोटं टोपीच्या कडेने एकदा गोल फिरली.

"कधी लावलीस?"

"काढलीच नव्हती."

वाऱ्याची एक लाट झाडांवरून गेली. तो सरळ झाला, मागे हात करून बाक शोधला आणि बसला. मीही बसले.

"किती दिसतं?" मी विचारलं.

"डाव्याने काही नाही. उजव्याने नळीतून बघितल्यासारखं. तेही पुसट. त्या काचेत तर नुसता धूर दिसतो. धूर राखाडी की काळा, ते मला..."

"कधीपासून?"

"डॉक्टरकडे गेलो त्याला दीड वर्ष झालं. काचबिंदू. गेलेलं परत येत नाही म्हणाले. उरलंय ते थेंबांनी टिकतं."

"मग घालतोस ना थेंब?"

त्याने टेप गुंडाळायला घेतला.

"बारक्या, मी काय विचारते?"

"बाटली गार ठेवायची असते."

"घरात फ्रीज आहे."

"फ्रीजवर तू आहेस. रोज दहा वेळा उघडतेस, फिल्म बघायला. सुनेने बघितली असती, तिने थोरल्याला सांगितलं असतं. एक महिना खिशात ठेवून घातले. मग सोडले."

मला एवढा राग आला की शब्द सुचेना, आणि मला शब्द सुचत नाहीत असं फार वेळा होत नाही. दीड वर्ष! आमटीत मीठ जास्त झालं तर घर डोक्यावर घेणारी मी, माझ्या डोळ्यांसमोर हा माणूस डोळे घालवत होता आणि मी त्याच्या बटणांना हसत होते.

"म्हणून काळी काच," मी म्हटलं.

"काळ्या काचेत कुणालाच दिसत नाही, वहिनी." तो अगदी थकल्यासारखा हसला. "तिथे मी आणि बाकीचे फोटोवाले एकाच रांगेत. टेपने मोजलं, बावीस लावलं, मनात चार आकडे मोजले, झालं. लाल लावली की काचेत बघत राहावं लागतं. कोण मधे येतंय, पान कधी थांबतंय. सेकंदाच्या तिसाव्या भागात सगळं संपतं. तेवढ्यात बघणारा लागतो."

"आणि शिडी?"

"शिडी खरंच होती?"

"सात पायऱ्यांची."

तो हसायला लागला. मग मीही हसले. बाकावर बसून दोन म्हातारी माणसं शिडीला हसतायत, येणारीजाणारी बघत होती. हसणं संपल्यावर तो म्हणाला, "चल घरी. थोरल्याला सांगून टाकू. मोजलीय त्याने खोली, मला कळलं. टेपचा आवाज मला ओळखू येतो."

माझीही तीच इच्छा होती, खरं सांगते. घरी जावं, पाय वर घ्यावेत, दार लावावं. पण कॅमेऱ्यात बारा फोटोंची फिल्म भरलेली होती. शेवटची. आणि साहेबांना शुक्रवारचा शब्द दिलेला होता, तोही मी.

"ऊठ," मी म्हटलं. "लाल काच दे."

"आणि बघणार कोण?"

"मला एक नवा डोळा बसवलाय गेल्या वर्षी, मोतीबिंदूचा. त्याचे पैसे वसूल व्हायला हवेत."

मी पन्नास वर्षं फिल्म धुतली, पण उघड्यावर कॅमेऱ्यात कधी वाकून बघितलं नव्हतं. ते ह्यांचं काम होतं, मग बारक्याचं. वाकले. त्या दुधी काचेवर बाग लाल झाली होती, आणि झाड हवं होतं उजवीकडे तर ते डावीकडे पळत होतं.

"हे उलटं जातंय!"

"उलटंच असतं. या घरातल्या सगळ्यांसारखं. तुला उजवीकडे हवं असेल तर डावीकडे ने."

"ह्यांनी मला कधी सांगितलं नाही."

"तू विचारलं होतंस का कधी? तू तर आत बसून आमच्या चुका मोजायचीस."

आठचा आकडा लावला. आठला अंदाजपंचे चालत नाही, फोकस नेमका लागतो. मी कडं फिरवत राहिले, खोडाच्या सालीच्या रेघा उमटेपर्यंत. "झालं," म्हटलं. त्याने अंगठा कड्यावर ठेवला, खाच शोधली, कडं तेवढंच सरकवलं. मग तोंड वर केलं, डोळे मिटून.

"पंधरावा भाग ठेव," तो म्हणाला.

"तिसावा. ह्यांचा हिशोब तिसावा आहे."

"दादाचा हिशोब स्वच्छ उन्हाचा. आत्ता वर पातळ ढग आहे."

"कुठे आहे ढग?"

"गालावर लागतोय."

मी वर बघितलं. होता. चाळणीतून गाळल्यासारखा, मला आधी दिसलाच नव्हता. थोरला म्हणतो, गालाला लागते ती ऊब वेगळी आणि फिल्मला लागतो तो उजेड वेगळा, पुस्तकात तसं दिलंय. असेल. मी पंधरावा ठेवला.

एरवी एकाच दृश्याचे तीन फोटो काढायची आमच्याकडे पद्धत. एक नेमका, एक कमी, एक जास्त. म्हणजे त्यातला एक तरी साधतो. आठ दृश्यं आणि बारा फोटो, तेव्हा ती चैन नव्हती. जे काही ठरवायचं ते एकदाच.

कळ दाबायची वायर त्याच्या हातात दिली. मी म्हटलं, "समोर कुणी नाही. दाब."

"थांब."

"काय थांब? पानं थांबलीयत."

"लांबच्या झाडांवर आलीय लाट. इकडे येते."

आली. सगळी पानं हेलावली. मी तोंड बंद ठेवलं. तो मान जरा तिरकी करून ऐकत होता, दुसऱ्या खोलीतलं बोलणं ऐकावं तसा. पानांची सळसळ कमी होत गेली, मग आणखी कमी.

"आता माणूस?"

"नाही कुणी."

खट्.

असे बारा. तळं झालं, काचघर झालं, लोखंडी पूल झाला, बाकांची रांग झाली. एका बाईला मी ओरडून बाजूला व्हायला सांगितलं, तिने मला वेडी ठरवलं. एकदा तो 'आता' म्हणाला आणि मधेच कुत्रं आलं. मी त्याचा हातच धरला. मधे दोनदा मी बसून घेतलं. पाचव्या फोटोनंतर वाकलेली कंबर सरळ होईना. त्याने मला हाताला धरून उठवलं, आणि उठवताना माझ्याच पायावर पाय दिला.

"बघून!" मी म्हटलं.

"कशाने?" तो म्हणाला.

घरी आल्यावर रोल धुवायला मी आत गेले, तर तोही मागून आत आला. दिवा बंद. धुवायच्या रिळावर फिल्म मी चढवली, तो मोठ्याने सेकंद मोजत होता. एक सेकंद इकडचा तिकडे नाही. तिथे त्याला चौकट लागली नाही की नळ. माझ्या डोक्यात काहीतरी ठरत होतं.

अकरा फोटो उत्तम. बाराव्यात खाली गवतावर माझी सावली पडलेली, अंबाड्यासकट. तो माझा गुन्हा, कबूल. बाकी सगळ्यांत पान न् पान वेगळं. बर्फाइतकी पांढरी नव्हती. कडक कागदावर घेतली तेव्हा पहाटेच्या दंवाइतकी झाली. दोन दिवस मी छापत होते. हाताला हायपोचा वास राहिला, अजून आहे.

शुक्रवारी साहेब आले. दुकानात थोरला, सून, मी, आणि स्टुलावर बारक्या. साहेबांनी एकेक फोटो उचलून उजेडात नेला. काचघराच्या फोटोशी फार वेळ थांबले.

"तुमच्या भावाच्या फोटोंत झाडं भुतासारखी दिसतात," ते बारक्याला म्हणाले. "मला तेच आवडायचं. पण यात झाडं ओळखू येतात. हे माझ्या आजोबांनी लावलेलं, हे बघा, याची पानंसुद्धा कळतायत." आणि त्यांनी आठ निवडले.

थोरला एकदम मोकळा झाला. "काका, जमवलंत की! खोली राहते बघा. मशीन मी वरच्या मजल्यावर ठेवीन." त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. सून आत चहा टाकायला निघाली.

तेवढ्यात बारक्या उठला. गळ्यातला कॅमेरा काढला आणि काउंटरवर ठेवला, नीट, कडेपासून आत, हाताने जागा चाचपून.

"मी नाही काढलेले," तो म्हणाला. "वहिनीने काढलेत. मला दिसत नाही. दीड वर्ष झालं. साहेब, तुमचा पहिला रोल मी वाया घालवला. आता हे वहिनीचं काम. मी आराम करतो."

सून दारातच थांबली. थोरला एकदा त्याच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होता. साहेब बिचारे हातातल्या फोटोकडे बघत राहिले, जणू त्यात काही सापडणार होतं. बारक्याच्या चेहऱ्यावर मात्र ओझं उतरल्याचं समाधान होतं, आणि त्या समाधानानेच माझं डोकं फिरलं. बाकावर त्याने मला खरं सांगितलं तेव्हा असा चेहरा नव्हता.

मी खुर्चीतून उठले. उठायला वेळ लागला, सगळे थांबले.

"झालं बोलून?" मी म्हटलं. "मग आता ऐक. दीड वर्ष खोटं बोललास, ते मी सोडलं. घाबरलेला माणूस खोटं बोलतो. पण आज चारचौघांत खरं बोललास ते काम अंगावरून झटकायला, ते मी सोडणार नाही. म्हणे वहिनीने काढले. ढग वहिनीला दिसला नव्हता, वाऱ्याचं वहिनीला कळत नव्हतं, वहिनीने काढला तो एक, त्यात वहिनीचाच अंबाडा आलाय. तो कॅमेरा गळ्यात घाल. बाहेर जाताना मी बरोबर असेन, बघायचं ते मी बघीन, कळ तू दाबायचीस. घरी आल्यावर फिल्म भरणं आणि धुणं आजपासून तुझं. त्या खोलीत तुझं काही अडत नाही हे मी बघितलंय. थेंब सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, मी घालणार, आणि घालताना हलायचं नाही. आणि आरामाचं नाव पुन्हा काढायचं नाहीस. या घरात मी तुझ्याहून अकरा वर्षांनी मोठी आहे, आधी आराम मी करणार, आणि माझा अजून झालेला नाही."